धनीराम गुरुजींची चढाई

रुखमिणीने फॉर्म गुरुजींच्या ताटाशेजारी ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर लोणच्याची बरणी ठेवली. धनीराम गुरुजींनी जेवता जेवता डाव्या हाताने बरणी सरकवली, फॉर्म वाचला आणि बरणी पुन्हा होती तिथे ठेवली. हिमालयात मुलींसाठी अठ्ठावीस दिवसांचे गिर्यारोहण शिबिर होते. रुखमिणी धावण्यात पहिली आली होती, त्यामुळे कॉलेजातून तिचे एकटीचे नाव गेले होते. पालकाची सही तेवढी बाकी होती आणि आठ दिवसांत फॉर्म द्यायचा होता.

"नाही," गुरुजी म्हणाले.

"काहून?"

"धोका आहे त्याच्यात. दगडावर चढनं म्हणजे जिवाशी खेळ."

"तुमी चढले का कधी?"

इथे गुरुजींचा घास अडला. कोंढ्याच्या शाळेत चोवीस वर्षे ते मुलांना एकच गोष्ट शिकवत आले होते: स्वतः केल्याशिवाय, पाहिल्याशिवाय मत देऊ नये. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सहज गावच्या विहिरीची खोली विचारली, तर गुरुजी साहेबांना तसेच खुर्चीत बसवून विहिरीत दोर सोडून मोजून आले होते. असा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीसमोर न चढता धोका कसा सांगणार? ते पाणी प्याले आणि त्यांनी विषय पावसाळ्यावर नेला. पण महिना फेब्रुवारीचा होता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात शाळेत कागद आला. प्रत्येक शाळेने एका शिक्षकाला तीन दिवसांच्या साहस शिबिराला पाठवायचे होते. अड्याळच्या पुढे तलावाकाठी एक पहाडी होती, तिच्या उभ्या दगडावर नागपूरचे कोणी सर चढायला शिकवणार होते. शाळेतल्या सगळ्या मास्तरांची शेतातली लाखोळी एकाच दिवशी काढणीला आली. व्यायामाच्या मास्तरांना शेत नव्हते, त्यांची कंबर धरली. गुरुजींची लाखोळी काढून झाली होती, आणि ती झाली आहे हे सगळ्या गावाला माहीत होते.

गुरुजींनी घरी येऊन जाहीर केले की आपण जातो, चढतो आणि मगच सांगतो. चढण्यासारखे असेल तर सही, नसेल तर फॉर्म चुलीत. रुखमिणीने हे आईच्या, म्हणजे कौशल्याबाईच्या, साक्षीने दोनदा वदवून घेतले. गुरुजींनी मनात निकाल आधीच लिहून ठेवला होता. पाच-सहा फूट चढायचे, उतरायचे, मान हलवायची आणि घरी यायचे. खोटेही नाही आणि पोरही घरी. एवढे हुशारीचे काम आपल्या हातून बऱ्याच वर्षांत झाले नाही, असे त्यांना सायकलवरून जाताना वाटत होते.

पहिले दोन दिवस गाठी मारण्यात गेले. तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष दगड. शिकवणारे लांजेवार सर अंगाने काडी होते, पण दगडावर असे चढत की पाहणाऱ्याला आपणही चढू असे वाटे, आणि त्यातच सगळा घोटाळा होता. दगड चाळीस फुटांचा. वर मोहाचे जाडजूड झाड. झाडाला लोखंडी कडी बांधलेली. दोराचे एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, तिथून दोर वर कडीतून जाऊन पुन्हा खाली, आणि खालचे टोक सरांच्या हातात. माणूस सटकला तरी दोरावर लटकेल, पडणार नाही, असे सरांनी समजावून सांगितले. गुरुजींनी ते वहीत लिहून घेतले.

गुरुजी पाच फूट चढले आणि ठरल्याप्रमाणे उतरणार, तेवढ्यात खालून कोणीतरी म्हणाले, "वा गुरुजी." चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पगार, बदल्या आणि खडू मिळाले होते, "वा" कधी मिळाला नव्हता. ते दहा फुटांवर गेले. आता दहा मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी पंधरावर गेले. बावीस फुटांवर टाळ्या थांबल्या म्हणून त्यांनी खाली पाहिले.

त्यानंतर ते हलले नाहीत. दोन्ही हातांनी दगडाची एक कड धरली, गाल दगडाला लावला आणि डोळे मिटले.

"गुरुजी, डरू नका," लांजेवार सर खालून म्हणाले. "हात सोडून मागे रेला. मी हळूहळू खाली घेतो."

"हात सोडू? मंग मले कोन धरन?"

"दोर धरेल."

"अन् दोर कोन धरन?"

"मी."

गुरुजींनी एक डोळा उघडून सरांकडे पाहिले. सर पंचावन्न किलोंचे असतील. गुरुजी ब्याऐंशी किलोंचे होते. गणित पाचवीच्या मुलालाही सुटले असते. त्यांनी डोळा मिटला आणि कड अधिक घट्ट धरली. दोर पाठीभोवती घेतल्यावर कमी वजनाचा माणूसही जास्त वजन पेलतो, हे सरांनी तीन वेळा सांगितले. पण ते गुरुजींनी स्वतः पाहिलेले नव्हते.

खाली दहा मास्तरांनी दहा सल्ले दिले. एकाने उजवा पाय वर घ्यायला सांगितला, दुसऱ्याने तोच पाय खाली. भूगोलाच्या मास्तरांनी हा दगड किती कोटी वर्षांचा आहे ते सांगितले, म्हणजे तो आज पडणार नाही असा धीर येईल. असा पाऊण तास गेला. सरांच्या हातांना घाम फुटला, आणि नेमक्या त्याच वेळी कौशल्याबाई आणि रुखमिणी जेवणाचा डबा घेऊन बंधाऱ्यावरून येताना दिसल्या.

"अवो, खाली या नं," कौशल्याबाई वर पाहून म्हणाल्या. "भात थंडा होऊन राहिला."

गुरुजींनी आवाज शक्य तितका वर्गातला काढला. "येतो. जराशी दगडाची जात पाहून राहिलो."

हरलो म्हणून सांगितले असते तर तिथल्या तिथे त्यांचे काम झाले असते. धोका आहे हे सिद्ध करायला याहून चांगली जागा जिल्ह्यात नव्हती. पण ते कबूल करायचे म्हणजे मुलीसमोर भ्यायचे, आणि ते त्यांच्याने होईना. मुलीला लहानपणी विंचवाची, बैलाची, तलावाच्या पाण्याची भीती घालवायला हाच माणूस पुढे चालला होता. आता तिच्यासमोर कोणत्या तोंडाने मदत मागायची, हा प्रश्न त्यांना दगडापेक्षा अवघड वाटत होता.

रुखमिणीने वडिलांचा आवाज ऐकला नाही, तिने त्यांचा डावा पाय पाहिला. तो शिवणयंत्राच्या सुईसारखा हलत होता. ती वळली आणि तलावाकडे पळाली.

तलावाचे पाणी उतरले होते आणि भैयालालची माणसे महाजाल ओढत होती. भैयालाल साठीचा ढिवर, पिढीजात मासेमार. वीस माणसांना एका दमात ओढायला लावणारा त्याच्यासारखा दुसरा माणूस त्या भागात नव्हता. रुखमिणीने सांगितले तसे त्याने जाल काठावर घेतले, मासोळ्या दोन बायकांच्या हवाली केल्या आणि बाया-माणसे मिळून अठरा जण दगडापाशी आले. त्याने वर लटकलेला दोर पाहिला, कडी पाहिली, सरांचे हात पाहिले.

"सर, येकट्यानं नाई होत हे," तो म्हणाला. "द्या इकडं."

सर म्हणत होते की आपल्याला माणूस खाली घ्यायचा आहे, दोर सैल सोडायचा आहे. हे भैयालालच्या डोक्यात शिरणे शक्य नव्हते. ज्या दोराला वजन लागले तो ओढायचा असतो. सैल सोडला की मासा जातो. त्याच्या आज्याने आणि पणज्यानेही दोर कधी सैल सोडला नव्हता. सर बोलत असतानाच अठरा जण रांगेत दोराला लागले, आणि सगळ्यांत पुढे, दगडाला अगदी लागून, रुखमिणी उभी राहिली.

"हो हैया," भैयालालने सूर लावला.

पहिल्या झटक्याला दोर हातांतून वीतभर पुढे घसरला. मग बसला. मग सगळे एका पावलाने मागे गेले आणि गुरुजी एका पावलाने वर गेले.

गुरुजींनी डोळे मिटलेलेच होते. त्यांना एवढेच कळले की अंग एकाएकी हलके झाले. पोट दगडाला घासू लागले म्हणून त्यांनी हात हलवले, गुडघे आपटू लागले म्हणून पाय हलवले. खालून पाहणाऱ्याला वाटले असते की मनुष्य चढतो आहे, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी गुरुजींनाही तसेच वाटले. बावीस, तीस, पस्तीस. मोहाच्या मुळीला हात लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. समोर सगळा तलाव, पलीकडे धानाच्या शेतातल्या रिकाम्या बांध्या आणि अड्याळची कौले. ते मुळीवर बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

पहाडीच्या मागून शेळ्यांची वाट होती. त्या वाटेने गुरुजी खाली येईपर्यंत रुखमिणीने सगळ्यांना एकच विनंती केली, कोणी काही बोलू नका. तोवर बाजाराला निघालेली पन्नासेक माणसे जमली होती. या भागात कोणाच्या गाईला काय झाले हे संध्याकाळपर्यंत तीन गावांना कळते. पण त्या पन्नासांत निम्मे गुरुजींच्या हाताखाली शिकलेले होते. गुरुजी छाती पुढे काढून आले तेव्हा त्यांतल्या एकानेही तोंड उघडले नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भैयालालने तर वाकून नमस्कार केला. अशी माणसे शोधून मिळायची नाहीत.

"काही धोका नाही," गुरुजी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "मन घट्ट पाहिजे, बस. मंग दगड आपोआप मांगे पडते."

"मंग बाबा, सही," रुखमिणी म्हणाली आणि फॉर्म पुढे केला.

आपण काय बोलून बसलो ते गुरुजींना तेव्हा कळले. पन्नास साक्षीदार होते. कौशल्याबाई मात्र कोणाला बधणाऱ्या नव्हत्या. तुमचे ठीक आहे, पण पोर तिकडे बर्फात एकटी, तिचे काही झाले तर काय करायचे, असे त्या पदराने डोळे पुसत विचारत होत्या. गुरुजींना सुटायची फट दिसली. जरा विचार करू, असे म्हणायला त्यांनी तोंड उघडले आणि फॉर्म घ्यायला हात पुढे केला.

रुखमिणीच्या तळहातांवर आडव्या लाल रेघा होत्या. उजव्या हाताची कातडी दोन ठिकाणी सोलून निघाली होती.

गुरुजी लहानपणापासून विहिरीचे पाणी ओढत आले होते. दोर हातातून घसरला आणि तरी सोडला नाही, म्हणजे हात कसा होतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. त्यांनी रांगेतल्या अठरा जणांकडे पाहिले. सगळे एकदम तलावाकडे पाहू लागले. त्यांनी लांजेवार सरांकडे पाहिले. सर बुटाची नाडी बांधायला वाकले.

"कवापासून धरून होतीस?" गुरुजींनी हळूच विचारले.

"मी सगळ्याईच्या समोर होती, बस. आमी नुसते धरून होतो बाबा. चढले तुमीच."

"भेव लागलं होतं मले."

"मालूम आहे," ती तितक्याच हळू म्हणाली. "पाय दिसत होता."

आता सुटायची वाट मोकळी झाली होती. मी चढलोच नाही, मला ओढले, म्हणून अट पुरी झाली नाही. एवढे खरे बोलले की सही टळत होती. गुरुजींनी हा विचार केला, आणि असा विचार आपल्या मनात आला याची त्यांना लाज वाटली. आपल्या बापाला दगडाच्या माथ्यावर चढवून वर त्याचा मानही जपणारी मुलगी त्यांनी चोवीस वर्षांत कोणत्याच वर्गात पाहिली नव्हती. त्यांना तिचा फार अभिमान वाटला. त्यांनी कौशल्याबाईंना तिच्या हाताला हळद लावायला सांगितले आणि सरांची पाठ टेकायला घेऊन फॉर्म पसरला.

सही करण्याआधी त्यांनी सवयीप्रमाणे सगळा कागद तपासला. एक रकाना कोरा होता. 'उमेदवाराचा यापूर्वीचा चढाईचा अनुभव'. लिहिण्यासारखे काही नाही म्हणून रुखमिणीने तो सोडून दिला होता.

"खोटं नाई लिहू बाबा त्याच्यात," ती म्हणाली.

"नाई लिहीत," गुरुजी म्हणाले. "मी सोता पाहिलं तेच लिहितो."

आणि फळ्यावर लिहीत तशा वळणदार अक्षरांत त्यांनी लिहिले: 'ब्याऐंशी किलो वजनाच्या, बावीस फुटांवर अडकलेल्या एका भित्र्या गृहस्थास चाळीस फुटांपर्यंत सुखरूप वर चढविले. इतरांची मदत होती, परंतु सर्वांत पुढे उमेदवार स्वतः होती. दोर सोडला नाही.'

खाली त्यांनी सही केली, आणि सहीपुढे कंसात 'सदर गृहस्थ' असे लिहिले.