टोपलीखालचा मशरूम

"दगड जसे होते तसेच ठेवले जी," प्रफुलची बायको उर्वशी म्हणाली. पण दगड तसे नव्हते.

वडशात तांदळाचा दलाल म्हणून प्रफुलचं मोठं नाव होतं. चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, डोळे बारीक केले, की तो वाण सांगून मोकळा. घरी मात्र त्याला वेगळाच नाद होता. समोरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती आणि तिच्यात एकेका दगडाला चिकटलेले दोन मशरूम प्रवाळ, म्हणजे अळंबीसारखे दिसणारे समुद्री जीव. दोन्ही तपकिरी, दोन्ही बशीएवढे, दोन्हींच्या अंगावर केसांसारखे तंतू. एकाचं नाव केसाळ, तो गरीब स्वभावाचा. दुसरा हत्तीकान. त्याच्यावर मासा टेकला की तो पिशवीसारखा मिटतो आणि मासा गिळतो. उर्वशीने काच पुसताना दगड इकडचे तिकडे केले होते, आणि धक्का लागल्याने दोघंही सुकलेल्या मोहफुलासारखे आक्रसून बसले होते. आता कोणता कोण, ते कळेना.

एरवी काही बिघडलं नसतं. पण गडचिरोलीचा त्याचा मित्र चंदन नुकताच आपल्या मुलीचा, दिव्याचा, लाडका जोकर मासा टाकीत सोडून गेला होता. बाहेरगावी जायचं होतं म्हणे, आठ दिवस.

प्रफुलने त्याला फोन लावला. "चंदन, सहज विचारतो. हत्तीकान ओळखाचा कसा?"

"काऊन? तुले तर मालूम हाये."

"मालूम हाये ना! उर्वशीले समजावून राह्यलो."

"कडेजवळ गुळगुळीत पट्टा राह्यते. तिथी केस नसते. फुलला का दिसते."

पण दोघंही फुलायला तयार नव्हते. प्रफुलने काडीला झिंग्याचा तुकडा लावून एकेकाची परीक्षा घेतली. दोघांनीही तुकडा ओढून घेतला.

"दोघायलेबी भुका लागल्या," त्याची आई सुगंधाबाई कौतुकाने म्हणाली.

"मासाच बालटीत ठेवा ना," उर्वशीने सुचवलं.

"दिव्याचा मासा बालटीत? माझ्या नजरेवर भरोसा नाई का तुले?" प्रफुलने डोळे बारीक केले. "डावा. हाच हत्तीकान."

आणि डाव्यावर भाजीची जाळीदार टोपली पालथी पडली, वर दगड.

सकाळी टाकीत मासा नव्हता. उजवा मशरूम घट्ट मिटलेला होता आणि पोट फुगलेलं. प्रफुल चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिला. आता दिव्याला काय सांगायचं? तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली.

"दिव्या जेवून नाई राह्यली रे," चंदन आत येत म्हणाला. "मासा पाह्यजे म्हणते. कुठी हाये?"

"झोपला हाये."

"कुठी?"

प्रफुलने उजव्या मशरूमकडे बोट केलं आणि मान खाली घातली. चंदन मटकन खुर्चीत बसला.

"त्याच्यात?" सुगंधाबाई पुढे आली. "त्याच्यात झिंगा हाये. अख्खा. सकाळी मीच देल्लो त्याले. मोठं तोंड केलं होतं बिचाऱ्यानं."

"मंग मासा?"

उर्वशीने बाह्या सारून टोपली उचलली. जाळीच्या भोकातून शिरलेला जोकर मासा डाव्या मशरूमच्या केसांत अंग घुसळत लोळत होता. बाहेर यायचं नावच नव्हतं. आणि डावा मशरूम खुशीत ऐसपैस फुलला होता. अगदी कडेपर्यंत केसच केस, पट्टा कुठेच नाही.

"गरिबाले कोंडलं," उर्वशी म्हणाली, "अन् चोराले मोकळं सोडलं."

प्रफुल थंड झालेला चहा पिऊ लागला. आता चंदन महिनाभर चिडवणार, हे त्याला दिसत होतं. पण चंदन हसला नाही. त्याने घसा खाकरला, खिशातून मोबाईल काढला आणि आवाज खाली आणला.

"बाहेरगाव कायचं रे! मागच्या आठवड्यात मीबी टाकी धुतली. माह्या घरचेबी असेच मिसळले. म्हून मासा तुह्याकडे आणला." त्याने फोटो पुढे धरला. दोन आक्रसलेले तपकिरी गोळे. "सांग ना, यातला हत्तीकान कोणता?"

प्रफुलचा चेहरा उजळला. त्याने कप खाली ठेवला, मोबाईल तळहातावर घेतला, डोळे बारीक केले.

"डावा," तो ठामपणे म्हणाला.

"पक्कं?"

"एकदम पक्कं."

"बरं झालं," चंदन उठत म्हणाला. "म्हंजे उजव्यावर टोपली ठेवतो."