आहेर नको, जाहिरात दाबा

आमच्या चुडाव्यात सोपानमामांसमोर फोन उघडायचा म्हणजे वैद्याच्या हातात नाडी द्यायची. "उघडा आपली सायट. बघू तुमाला काय येतंय," असं म्हणून ते चष्मा कपाळावरून नाकावर घेतात आणि जी जाहिरात येईल तिच्यावरून तुमचं निदान करतात. मला केस गळण्यावरच्या तेलाची आली. मामांनी माझ्या टकलाकडे बघून "उशीर झाला, मास्तर" एवढंच म्हटलं. भजनी मंडळाच्या बुवांना रमीची आली. तेव्हापासून बुवा मामांच्या गल्लीतून जात नाहीत.

मामा निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं त्यांनी सायकलवरून चुडावा आणि आसपासची खेडी पालथी घातली. कुणाच्या घरी मुलाची मनीऑर्डर येते आणि कुणाच्या येत नाही, सगळं त्यांना पाठ. निरक्षरांना पत्रं वाचून दाखवायचे, आणि वाईट बातमी असली तर आधी घरातल्या सगळ्यांना खाली बसवायचे. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले, तेव्हा पुण्यातल्या मुलाने त्यांना वेबसाइट काढून दिली. तिच्यावर मामा जुनं गाव लिहितात. गाडी थांबली की स्टेशनावर पेरू कोण विकायचं, गावात पहिला रेडिओ कुणाकडे आला, त्याच्याभोवती कोण कुठं बसायचं. त्यात एका कोपऱ्यात आमचे वडील बसलेले आहेत. वाचताना मला रडू आलं, खोटं कशाला बोलू!

त्या पानांवर एक कंपनी जाहिराती लावते. जागा मामांची, जाहिरात कंपनीची. लोकांनी बघितली, दाबली की मामांना वाटा मिळतो. "पेपरातली जाहिरात म्हंजे दवंडी," मामा समजावतात. "ही पत्ता घातलेलं पत्र हाय. तुमी फोनवर काय हुडकता ते कंपनी बघती, अन् तुमच्या कामाचं तेवढंच धाडती. पान एकच, पर तुमाला येगळी, बुवाला येगळी. लय हुशार काम!" आपलाच धंदा कंपनीने उचलला, याचा त्यांना कोण अभिमान.

मग नातीचं बारसं आलं. मामांनी भोंग्यावरून सांगितलं, "कुणी आहेर आणू नका. आपली सायट उघडा, एक जाहिरात दाबा, अन् जेवून जावा." आता आमच्याकडे आहेर म्हणजे फेडायची गोष्ट, आणि मामांनी आजवर कुणाच्या कार्याला टॉवेल-टोपी चुकवलेली नाही. लोक पंगतीत बसून इमानदारीने दाबत सुटले. घरात सात माणसं, तर सात वेळा. गोदाकाकूंनी दहा दाबल्या आणि वर शकुनाची एक.

चौथ्या दिवशी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, म्हणून मामा ते माझ्याकडे घेऊन आले. एकाच गावातून एकाच वेळी एवढी दाबादाबी झाली, ही लबाडी आहे, सबब जाहिराती बंद. वाचून दाखवण्याआधी मामांना खाली बसवायला मी विसरलो.

"लबाडी? पस्तीस वर्षांत कुणाचं पाकीट फोडलं न्हाई म्या!"

"जाऊ द्या मामा. पेन्शन आहे तुम्हाला. चार पैशांसाठी..."

"पैसे गेले चुलीत! जाहिराती परत यायला पायजेत, मास्तर. कायबी करा."

मी विनंती अर्ज लिहिला. आहेर म्हणजे काय हे इंग्रजीत समजावताना मला घाम फुटला. त्यानंतर दीड महिना मामा रोज शाळा सुटताना फाटकाशी उभे. "आलं का टपाल?" शेवटी आलं. या वेळी माफ केलं, पुन्हा असं करू नका.

मी धावत सांगायला गेलो. मामांनी स्वतःचा फोन काढला नाही. आतून मामींचा आणला. मामींना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्या फोनचा रिचार्ज मामा अजून चुकवत नाहीत.

"हिच्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्याची यायची," ते म्हणाले. "शेवटी शेवटी तेच हुडकायची बिचारी. ती गेली तरी येतच ऱ्हायली. मी रोज सकाळी उघडून बघायचो. गावानं इसरलं, पर तिच्या नावानं कायतरी येतंय तर खरं."

पान उघडलं. ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात आली. पुन्हा उघडलं, तर इन्व्हर्टरची.

"इसरले," मामा हळूच म्हणाले. फोन माझ्या हातात देऊन ते चहा टाकायला उठले.

ते आत जाताच मी त्या फोनवर भराभर शोधलं, 'गुडघ्याचा पट्टा'. मग 'गुडघेदुखीचं तेल'. मग पुन्हा पट्टा. चहा येईपर्यंत फोन होता तसा खाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला शाळेच्या वाटेवर गाठलं आणि मामींचा फोन पुढे केला. पट्टा आला होता, निम्म्या किमतीत. मी नवल वाटल्यासारखा चेहरा केला. मामांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन माझ्याकडे बघितलं.

"तिचा डावा दुखायचा, मास्तर," ते म्हणाले. "फुडच्या बारीला तसं लिवा."