फाटक बंद की उघडं?

नेरूरकरांच्या जेवणाच्या डब्यावर लेबल असायचं. त्यांच्या नावाचं नव्हे, आत काय आहे त्याचं. लाल शाईत, ठसठशीत अक्षरांत: ‘सोलकढी. ही बाजू वर. सांडल्यास कोरड्या फडक्याने पुसावी. शर्टावर सांडल्यास घरी खोटं बोलू नये, डाग दिसतो.’ कॅन्टीनमध्ये मी रोज उभा राहून ते बातम्या वाचणाऱ्याच्या आवाजात वाचायचो. सगळं टेबल हसायचं. नेरूरकरही हसायचे, डबा उघडायचे आणि दुसऱ्या दिवशी नवं लेबल लिहून आणायचे.

आमचा तारांचा कारखाना मुलुंडला, चेकनाक्याच्या अलीकडे. तारेवरचा गंज काढायला ॲसिड लागतं. ते माझ्या ताब्यात, कारण मी स्टोअरचा सुपरवायझर. आणि मी नेरूरकरांच्या ताब्यात, कारण ते सेफ्टीचे. सेफ्टी खातं म्हणजे ते एकटे, एक शिट्टी आणि एक लाल झेंडा. वळणावर त्यांनी चुन्याची पोती रचून ठेवली होती, ॲसिड सांडलं तर वर टाकायला. त्यांवर पाटी: ‘चुना. तंबाखूत मळण्यासाठी नाही.’

त्यांचा एकच प्रश्न असायचा. कुणी काही सांगायला तोंड उघडलं, की हात वर करायचे. “थांब मेल्या. फाटक बंद की उघडं?” बंद म्हटलं, तर ती गोष्ट त्यांच्या पोटातून कधी बाहेर यायची नाही. उघडं म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या खात्यांना कळायची.

हा प्रश्न त्यांनी कायद्यातून उचलला होता. मला तो इतक्या वेळा ऐकवलाय, की झोपेत म्हणून दाखवीन. “रस्त्यावरून ॲसिड न्यायचं, तर गाडीला फलक पाहिजे, कॅन बांधलेले पाहिजेत, सांडलं तर काय करायचं त्याचा कागद ड्रायव्हरकडे पाहिजे. फाटकाच्या आत हा रस्त्याचा कायदा लागत नाय. का? आत बाहेरचं माणूस नाय म्हणून. पण सुधीर, आत म्हणजे काय रे? भिंत आहे म्हणून ते आत नाय. वॉचमन अडवतो, म्हणून आत. त्याने अडवणं सोडलं, की तो रस्ताच झाला, मग जमीन कुणाच्या बापाची असो.”

“बरं काका,” मी म्हणायचो आणि घड्याळाकडे बघायचो.

मग मागची गल्ली पाइपसाठी खणली गेली. पलीकडच्या चाळीतल्या माणसांना मोठ्या रस्त्याने, डंपरच्या कडेकडेने वळसा पडू लागला. काही दिवसांनी आमचं मागचं फाटक सकाळी आठ ते दहा त्यांच्यासाठी उघडं राहू लागलं. आम्हाला वाटलं, मॅनेजरसाहेबांचं मन द्रवलं. नेमकं त्याच वेळी गोडाऊनमधून प्लांटकडे ॲसिडचा टेम्पो जायचा. दोनशे पावलांचं अंतर.

आणि नेरूरकरांच्या अंगात आलं. आठ ते दहा आमचा आतला रस्ता ‘रस्ता’ झाला होता ना! टेम्पोला फलक. प्रत्येक कॅनला दोर. ड्रायव्हर रमाकांतच्या खिशात कागद. आणि टेम्पोच्या पुढे, पायी, लाल झेंडा धरून स्वतः नेरूरकर. शिट्टी मारत, माणसांना भिंतीकडे सरकवत. चाळीतल्या कांबळेबाई हॉस्पिटलात आया होत्या. रात्रपाळी संपवून त्या याच वाटेने घरी परतायच्या. त्या रोज ओरडायच्या, “काय ओ काका, मंत्री चाललाय काय मागनं?”

“मंत्री असता तर झेंडा नसता लागला, बाई. ॲसिड आहे. भिंतीला चिकटा.”

“चिकटले. आता जाऊ दे तुमची वरात!”

सगळे हसायचे. मी नाही. दोनशे पावलांना पंचवीस मिनिटं लागत होती आणि प्लांटचे लोक माझ्या नावाने बोंब मारत होते.

इथून पुढचं सांगणं मला सोपं जात नाही.

एका सकाळी प्लांटची टाकी कोरडी पडत आली होती. दोर बांधण्यात दहा मिनिटं गेली असती, झेंड्यात पंधरा. मी नेरूरकरांना म्हटलं, “काका, मॅनेजरसाहेबांनी गेल्या वर्षीचं सेफ्टी ड्रिलचं रजिस्टर मागितलंय. आत्ता. वरच्या कपाटात असेल.” कुणीही काही मागितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. झेंड्याची नीट गुंडाळी केली, माझ्या टेबलावर ठेवली आणि जिना चढून गेले.

मी रमाकांतला म्हटलं, “चल, घे. सोड दोर-बिर.”

“काका ओरडतील ना.”

“काका वर आहेत. जा.”

वळणावर एक कॅन कलंडला. आवाज फार मोठा नव्हता, पाण्याने भरलेली घागर पडावी तसा. झाकण उडालं. ॲसिड फेसाळत काँक्रीटवर पसरलं आणि पांढरा धूर उठला. पलीकडून कांबळेबाई येत होत्या. पायात चप्पल, हाताला धरलेली शाळेच्या कपड्यांतली नात; त्या दिवशी घरून तिला शाळेत सोडायला निघाल्या होत्या. धूर बघून त्या थांबल्या. मागे मागचं फाटक सताड उघडं आणि त्यातून आणखी माणसं आत येत होती. रमाकांत सीटवर गोठला होता. मी गोडाऊनच्या दारात होतो. माझे पाय हलले नाहीत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ओरडताही आलं नाही.

शिट्टी वाजली.

नेरूरकर जिन्यावरून कसे उतरले, मी बघितलं नाही. ते दिसले ते वळणावर. “बाई, पोरीला उचला! मागे! तोंडावर पदर! गोरख, फाटक लाव!” वॉचमन फाटकाकडे धावला. ओघळ बाईंच्या दिशेने सरकत होता आणि चुन्याची पोती ओघळाच्या अलीकडे, नेरूरकरांच्या बाजूला होती. त्यांनी पोतं फाडलं, छातीशी धरलं आणि सरळ त्या फेसात पाय टाकून पुढे जाऊन ओतलं. मग दुसरं. मग तिसरं. साडेसहा फुटांचा एक पांढरा बांध तयार झाला. त्याच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला कांबळेबाई आणि त्यांच्या कडेवर रडणारी पोर. कुणाला ओरखडाही आला नाही. नेरूरकर तेवढे नळाखाली पाय धरून बसले होते. टेम्पोपुढे चालताना घालायचे ते रबरी बूट त्यांनी घातले नव्हते, चामड्याच्या चपला होत्या. रजिस्टर आणायला कोण बूट घालून जातं?

चौथ्या दिवशी चौकशी झाली. मॅनेजरसाहेबांनी प्रश्न असा विचारला, की उत्तर त्यातच होतं. “मागचं फाटक तेव्हा बंद होतं. बरोबर?” बंद असलं तर घरातली गोष्ट, आतली दुरुस्ती. उघडं असलं तर कंपनीने लोकांच्या वाटेवरून मोकळं ॲसिड नेलं, आणि नेण्याच्या चिठ्ठीवर सही माझी.

गोरख म्हणाला, “बंद होतं साहेब.” रमाकांत म्हणाला, “बंद.” मी म्हणालो, “बंद होतं.”

“नेरूरकर?”

त्यांचे दोन्ही पाय बँडेजमध्ये, समोरच्या स्टुलावर ठेवलेले. ज्या माणसाने वीस वर्षं सगळ्यांना हा प्रश्न विचारला, त्याला पहिल्यांदाच कुणी तो विचारत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे.

“उघडं,” ते म्हणाले. “उघडं होतं साहेब. उघडायचा अर्ज माझाच होता. गाडीपुढे मी स्वतः चालेन, असं खाली लिहून दिलंय. कागद तुमच्या फाइलला आहे.”

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

“मग तुम्ही गाडीपुढे का नव्हता?”

“वर होतो. रजिस्टर बघायला.”

“कोणी पाठवलं?”

एक शब्द पुरला असता, त्यांचा किंवा माझा.

“माझंच काम ते,” नेरूरकर म्हणाले.

मी गप्प बसलो. त्यांना मुदतीआधी निवृत्त केलं. मागचं फाटक बंद झालं, वेल्डिंग करून. माझी नोकरी राहिली.

त्यांच्याकडे जायला मला सात महिने लागले. कांजूरमार्गला तळमजल्याची एक खोली. दार सताड उघडं. कचऱ्याच्या डंपिंगचा वास वाऱ्याबरोबर आत येत होता. “काका, दार तरी लावा,” मी म्हणालो.

“लावलं तर कोण येणार?” ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले. चाल अजून सावकाश होती. डाळीच्या डब्यावर लेबल, साखरेच्या डब्यावर लेबल. खुंटीवर दोन कप. एकावर ‘माझा’. दुसऱ्यावर ‘पाहुण्यांचा’. त्या दुसऱ्या लेबलाची शाई कुणाचा हात न लागल्यासारखी कोरी करकरीत होती.

“बायको गेल्यावर सवय लागली,” ते म्हणाले. “घरात वाचायला कोण नाय. म्हणून डब्यावर लिहून कारखान्यात आणायचो. तिकडे वाचणारा होता.”

मी कप खाली ठेवला. “काका, त्या दिवशी साहेबांनी रजिस्टर मागितलं नव्हतं.”

“माका ठावक होता.” ते खिडकीबाहेर बघत होते. “रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं रे. साहेब तर आलेच नव्हते. वाटलं, सुधीरला घाई आहे, आपला कंटाळा येतो त्याला. दोन मिनिटं वर जाऊन बसू. बसलो. टेम्पोचा आवाज आला तेव्हा उठलो. ही दोन मिनिटं माझी. ती मी तुझ्यावर कशी टाकू?”

“पण पाठवलं मी. आणि तिथे गप्प बसलो मी.”

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग सवयीने हात वर केला.

“आता हे सांगितलंस, ते फाटक बंद की उघडं?”

बंद म्हटलं असतं, तर त्या खोलीतच राहिलं असतं. त्यांच्यावर माझा तेवढा भरवसा होता.

“उघडं,” मी म्हणालो.

“बघ हां. मग नीट बांधून ने. आणि आत काय आहे, ते वर स्वच्छ लिही.” त्यांनी पाहुण्यांचा कप माझ्या पुढ्यात सरकवला. “आता ह्याच्यावर काय लिहिलंय ते वाच बघू. मोठ्याने.”

मी उभा राहिलो आणि वाचलं.