हसनचाचांचं रोम

आमच्या फ्लॅटमध्ये आमटीत मीठ किती घालायचं यावर मतदान होतं. खोटं वाटत असेल तर कुवेतला, फरवानियाला या. तिसरा मजला, लिफ्ट बंद असते. चपला काढल्या की समोर भिंतीवर कागद दिसेल : ‘या वर्षीचे कॉन्सल : जोशी आणि नाझिम.’ खाली हसनचाचांची लफ्फेदार सही. हा सगळा खटाटोप त्यांचाच.

“वकिलातीतला कॉन्सल नव्हे हां!” नवीन माणसाला चाचा पहिल्याच दिवशी बजावायचे. “रोमचा! दोन असतात. वर्षभरापुरते. एकानं ठरवलेलं दुसरा ‘नाय’ म्हणून मोडू शकतो. कशासाठी? राजा नको म्हणून!”

‘राजा नको’ हे त्यांचं पालुपद. गीझर बिघडला तरी राजा नको आणि पाहुणा आला तरी राजा नको.

चाचा दापोलीकडचे. मीना अब्दुल्ला नावाच्या भागात एका गोदामात स्टोअरकीपर, शिक्षण सातवी. एक शाळामास्तर कुवेत सोडून निघाले, त्यांचं सामान चाचांनी खाली उतरवून दिलं. मास्तरांनी खूश होऊन रोमच्या इतिहासाचा इंग्रजी ठोकळा दिला. वर्षभर तो ठोकळा टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होता. मग चाचांना ताप आला, तीन दिवस पडून राहायची वेळ आली, टीव्ही बंद होता. झालं! माणूस हातचा गेला. डिक्शनरी घेऊन शब्द शब्द लावत त्यांनी चार वर्षांत ते पुस्तक संपवलं, आणि संपलं त्याच संध्याकाळी पुन्हा पहिलं पान उघडलं.

“अरे, कोण होते हे रोमवाले? गुरं राखणारे! नदीकाठची चार खोपटी!” ताटावर बसलं की चाचांची गाडी सुटायची. “सात राजे झाले. शेवटचा एवढा माजला, की लोकांनी हाकलून दिला. आणि मग बसले विचार करायला, की आता परत राजा होऊ द्यायचा नाय, तर काय करू या? काय डोकी रे बाबा! काय डोकी!” हातातला घास हवेतच राहायचा. जणू ती बैठक काल शेजारच्या बिल्डिंगीत झाली आणि चहा वाटायला हेच होते!

मी मूळचा लातूरचा, इथं हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. आधीच्या खोलीवर भांडून बॅग घेऊन इथं आलो आणि पहिल्याच जेवणाला चाचांशी वाद घातला. म्हटलं, दोन दोन धनी असले तर घर चालतं होय? नाझिम घाबरून बघायला लागला. चाचा मात्र खूश! “ह्याला ठेवा! रोम मोठं का झालं? शेजारच्या गावाला हरवायचे आणि मग त्यालाच आपल्यात घ्यायचे. भांडणारा माणूस बाहेर ठेवायचा नसतो.” त्याच बैठकीत मला मताचा अधिकार मिळाला. भाजी चिरायचं कामही मिळालं, ते नंतर कळलं.

आता याचे हाल ऐका. जोशी पुण्याचा, फार्मसीत कामाला. नाझिम रत्नागिरीचा, अत्तराच्या दुकानात. दोघं कॉन्सल झाले त्या आठवड्यात जोशी म्हणाला वरण, नाझिम म्हणाला ‘नाय’. नाझिम म्हणाला सुरमई, जोशी म्हणाला ‘नाही’. सलग तीन दिवस आम्ही खबूस, म्हणजे इथली बेकरीतली रोटी, आणि दही खाल्लं. माझा संताप संताप झाला. आणि चाचा? खबूसचा तुकडा मोडत, डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, “बघितलंत? कोणाचंच चाललं नाय! याला म्हणतात राज्य!”

ऑगस्टात एसी बंद पडला तेव्हा तर कहर झाला. संकटकाळी रोमवाले एकाच माणसाला सगळी सत्ता द्यायचे, फार तर सहा महिन्यांसाठी. काम झालं की त्यानं आपण होऊन उतरायचं. तसा चाचांनी नाझिमला डिक्टेटर नेमला. पठ्ठ्यानं हारिसच्या, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराच्या, मागे लागून दोन दिवसांत एसी चालू करून घेतला. शाबास! पण मग एसीसमोरची गादी स्वतःला घेतली आणि उतरायला तयारच होईना. वर आम्हाला चहा करायला सांगायला लागला.

चाचांनी शांतपणे चटई गुंडाळली. “चला. रोमची साधी माणसं अशीच उठून टेकडीवर जाऊन बसली होती. शहरात मागे राहिले नुसते मोठे लोक. स्वयंपाक कोण करणार, लढाईला कोण जाणार? आले गयावया करत!” आमच्याकडे टेकडी नाही, म्हणून आम्ही गच्चीवर गेलो. भर दुपारी! फरशीवर पाय ठेवायची सोय नव्हती. जोशी ‘अगं आई गं’ करत एका पायावर नाचत होता. वीस मिनिटांत नाझिम थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन वर आला आणि राजीनामा देऊन मोकळा झाला. चाचांनी त्याला तिथंच मिठी मारली.

हे सगळं मोडून एकट्यानं सत्ता घेतली त्या सीझरचं नाव त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. काढलंच तर ताट घेऊन आत जायचे.

मागच्या हिवाळ्यात कंपनीनं सांगितलं, हा शेवटचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, आता कायमचं घरी. तीस वर्षं झाली होती. आम्हाला वाटलं, सुटले बिचारे! दापोलीला स्लॅबचं घर, बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडं. पण चाचांचं जेवण कमी झालं. पुस्तक उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. म्हटलं, रोम सोडवत नसेल.

मग आम्ही शहाण्यांनी काय केलं? शेवटच्या शुक्रवारी, नमाजहून येऊन ते जेवायला बसले, तेव्हा जोशीनं उभं राहून जाहीर केलं, “चाचा, या आठवड्यात मतदान नाही. तुम्ही म्हणाल तेच शिजेल, तुम्ही म्हणाल तसंच होईल.” आम्ही टाळ्या वाजवल्या. किती प्रेमानं केलं होतं हो!

चाचांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “तुम्हीसुद्धा सुरू केलंत?” एवढंच म्हणाले आणि बांधून ठेवलेल्या बॅगेवर जाऊन बसले.

मी जवळ गेलो. पहिल्यांदाच ते आपण होऊन त्या नावावर आले. “सीझरनंतर त्याचा वारस आला ना, तो कधी स्वतःला राजा म्हणाला नाय. लोक भांडून दमलेले. लोकच म्हणाले, तू बघ आता सगळं. सभा होती, निवडणूक होती, सगळं होतं. फक्त त्याला ‘नाय’ म्हणणारा कोण उरला नाय.” मग म्हणाले, “मी वर्षातून एक महिना घरी जातो. मी आत आलो की मुलगे उभे राहतात. टीव्ही बंद करतात. भाजी कशी झाली विचारलं तर सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी काय हिसकावून घेतलं नाय रे. आणि आता कायमचा जायचाय. तिथं माझ्याशी भांडणार कोण?”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शुक्रवारी जेवणानंतर घरचा फोन ठरलेला. चाचांनी स्पीकर लावला, डोळे पुसले आणि म्हणाले, “बॅगेत जागा हाय. काय आणू?”

“तुम्ही म्हणशाल तसं,” चाची म्हणाल्या.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला सोसवली नाही. मी सरळ फोन ओढून घेतला. “चाची, मी इथला त्यांच्या खोलीवरचा. आम्ही रोज भांडतो त्यांच्याशी. नाही भांडलो तर ते जेवत नाहीत. आत्ताही जेवले नाहीत. तुम्हाला न आवडलेलं एक तरी सांगा त्यांना. तुम्हाला शपथ आहे.”

जोशी मला खुणेनं ‘ठेव, ठेव’ म्हणत होता. मी फोन चाचांसमोर धरून उभा.

“ब्लँकेट आणू नका,” चाची हळूच म्हणाल्या.

चाचा ताठ बसले. “काय?”

“दरवर्षी ती जाडी ब्लँकेटं आणता. आपल्याकडे एवढी थंडी हाय कुठं? वाटून वाटून अकरा उरली. तीन कपाटं भरली. माझ्या साड्या पेटीत घालून ठेवल्यात मी.”

“मग बोललीस का नाय कधी?”

“तुम्ही एवढ्या लांबून उचलून आणायचात. कसं बोलणार?” आणि मग बांध फुटला. “आणि त्या पडवीला हिरवा रंग द्यायला सांगितलात, तो मला आवडत नाय. आणि तुम्ही आल्यावर रोज मटण कशाला? माझं पोट बिघडतं. आणि थोरल्याचं नाव मला वेगळं ठेवायचं होतं!”

चाचा बॅगेवरून उठले. तोंड हसत होतं, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि दोन्ही हातांनी आम्हाला जवळ बोलवत होते. “ऐका रे, ऐका!” मग फोन छातीशी धरून मोठ्यानं ओरडले, “अजून सांग! तीस वर्षांचं सांग, मी बसलोय!”

चाची सांगत राहिल्या. नाझिमनं चाचांचं ताट तिथंच आणून ठेवलं, आणि ऐकता ऐकता चाचा पोटभर जेवले.