ट्रिक नव्हे, प्रँक!

खोली बघायला गेलो, तेव्हा वेंकटराव अण्णांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "प्रँक आणि ट्रिक, फरक सांगा!"

अठ्ठावन्न सालची गोष्ट. मी बेळगावाहून बंगळूरला नोकरीसाठी नुकताच आलो होतो. म्हटलं, "दोन्ही म्हणजे खोडीच की."

"सरी, बरं. स्वल्प बसा," असं कानडीमिश्रित मराठीत म्हणत अण्णांनी मला तासभर बसवलं. "ट्रिकमध्ये समोरच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं असतं. प्रँकमध्ये फक्त त्याचं तोंड बघायचं असतं. कळलं?"

कळलं म्हणालो, म्हणून ओसरीवरची, वेगळ्या दाराची खोली मिळाली.

अण्णा इंग्रजीचे निवृत्त मास्तर. मल्लेश्वरमच्या त्या घरात एकटेच राहत. दूध पातळ आलं की गवळ्याच्या तोंडावर "ट्रिक!" म्हणत. गल्लीतल्या कुणी दाराला बाहेरून कडी घातली, की आधी आतून "प्रँक!" असा निकाल देत आणि मग मला हाका मारत.

त्या घरात वस्तू जागा सोडत. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडे, एक चप्पल तुळशीपाशी.

"कोण करतं हो हे?" मी विचारलं.

"तुंगा. घाबरू नका, प्रँक आहे."

तुंगाबाई म्हणजे त्यांची बायको. ती वारून काही वर्षं झाली होती.

एका रविवारी दुपारी खिडकीतून दिसलं, अण्णा स्वतःच चष्मा तांदळात पुरत होते. वरून हात फिरवून त्यांनी झाकण लावलं, ओसरीवर जाऊन थोडं बसले आणि उठून शोधू लागले. पलंगाखाली, देवांच्या मागे, सगळीकडे. शेवटी डबा उघडून हळूच म्हणाले, "सापडला गं!"

मी दुसऱ्या दिवशी त्यांची तपकिरीची डबी दह्याच्या बरणीमागे ठेवली. अण्णा दिवसभर खुशीत होते. मग मी अधूनमधून तसं करू लागलो.

असंच एकदा दुपारी त्यांनी आपल्या दाराची आतली कडी काढल्याचा आवाज आला. माझ्या दारात आले ते पांढरेफटक. हातात चष्म्याचं उघडं घर, आणि त्यात मोगऱ्याचा ताजा गजरा, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवलेला.

"तपकिरीच्या डबीची खोडी तुमची, ते ठाऊक आहे मला. हे तुम्ही ठेवलंत?"

"नाही, अण्णा."

"मीही नाही."

आम्ही दोघांनी त्यांच्या दारातून आत पाहिलं. आत कुणीच नव्हतं. मोगऱ्याचा वास मात्र माजघरातूनच येत होता.

अण्णा माझ्या उंबऱ्यावर बसले. "फार खोड्या करायची हो ती. धावत येऊन सांगायची, 'कशी ट्रिक केली!' मी म्हणायचो, 'ट्रिक नव्हे, प्रँक.' शब्द तेवढा दुरुस्त केला. हसलो कधीच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची, आणि मग आत जायची."

एवढं बोलून ते उठले, रिकाम्या माजघरात जाऊन उभे राहिले आणि हसले. घसा खरवडावा तसं, सवय नसलेलं हसू. थांबून त्यांनी कान दिला. मान हलवली, कुणाला तरी होकार दिल्यासारखी. मग पुन्हा हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी आत गेलो नाही. त्यांचं दार हलकेच लोटून घेतलं.