श्रीरामकाकांचा खांदा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरामकाकांनी माझी कंबर बसवली. हजर तिघे: काका, मी आणि माझी बायको. खर्च एक नारळ. कडकड असे आवाज चार झाले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "पाठीचे तीनच होते. चौथा त्यांच्या अंगठ्याचा."

मी काकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मणका मुका राह्यला त माणसाले भरवसा येत नाही, गजाभाऊ. मंग त्याच्या वतीनं मी बोलतो."

काका आमचे साखरखेर्ड्यातले शेजारी, वय सत्तर, पत्नी वारल्यापासून एकटे. हाडं बसवण्याचं काम वडिलांकडून आलेलं. पैसे घेतले की हाताचा गुण जातो, अशी त्यांची समजूत. म्हणून नारळ. आजूबाजूच्या पाच घरांत बाराही महिने खोबऱ्याची चटणी असते.

त्यांची एकुलती मुलगी वैशाली. लहानपणी ती "मलेही शिकवा" म्हणाली, तेव्हा काकांनी "पोरींचं काम नाही" म्हणून उठवून लावलं. ती बाहेर जाऊन कायरोप्रॅक्टिक शिकली आणि मेहकरला दवाखाना थाटला. मणका आणि सांधे हातानं तपासून मोकळे करायचे, हे ते शास्त्र. तिनंच मला समजावलं होतं: कुणी झटका देऊन सांधा मोकळा करतात, कुणी हलका दाब देत राहतात, कुणी लहान यंत्रानं टिचक्या मारतात. काही जण सगळे आजार मणक्यातून येतात म्हणतात. ते तिला पटत नाही. मोडलेलं हाड आणि मुंग्या येणारा पाय ती सरळ डॉक्टरांकडे पाठवते. आवाज हाडाचा नसतो, सांध्यातल्या हवेचा असतो, हेही तिनंच सांगितलं.

काका म्हणत, "यंत्रानं टिचक्या मारते. उद्या नारळ फोडाले बी यंत्र आणीन."

दिवाळीपर्यंत काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आलेली माणसं परत जाऊ लागली. हात बंद पडला तर काकांकडे दुसरं काय होतं? एका सकाळी त्यांनी विचारलं, "मेहकरले काही काम आहे काय तुमचं?" मला काही नव्हतं. "आहे," मी म्हणालो.

दवाखान्यात आमच्यापुढे चार जण होते. काका रांगेतच बसले. आत वैशालीनं इतरांना विचारावं तसं विचारलं, "दुखणं कधीपासून?"

"तुही माय अंथरुणाले खिळली तवापासून. कूस मीच बदलून देत होतो. दिवसाले आठ खेपा."

वैशालीचा पेन थांबला. "मी दर रविवारी फोन करत होते, बाबा. मले काऊन नाही सांगितलं?"

"तुहा दवाखाना नवा होता."

तिनं पेन बाजूला ठेवला. मग खांद्यावर हात ठेवून हळूहळू दाब देत राहिली. काकांनी डोळे मिटले.

"आवाज नाही आला," ते म्हणाले.

"नाही येणार. महिनाभर यावं लागन."

"हाव. येतो."

फी तीनशे रुपये होती. काउंटरवरच्या बाई वडिलांकडून घ्यायला तयार नव्हत्या. मी काढलेल्या नोटा काकांनी बाजूला सारल्या. आतून वैशाली म्हणाली, "घ्या. पावती द्या." काकांनी डाव्या हातानं मोजून तीनशे रुपये भरले, वैशालीच्या कामाचे.