डब्यातला माईक

डीजे आल्यापासून देवराव मेश्रामांच्या गायन पार्टीला कुणी विचारेना. म्हणून काटोलच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, आज जमलं तर पार्टी जगेल, नाहीतर पेटी-तबला माळ्यावर.

भीती होती ती माईकची. लेकीनं, भावनानं, हौसेनं घेऊन दिलेला नवा माईक आणि बाहेर अवकाळी पाऊस. आधीचा माईक ओल लागूनच मेला होता.

"तांदळाच्या डब्यात खुपसून न्या ना जी," तुळसाबाई म्हणाली. "भावनाचा मोबाईल पाण्यात पडला, तं तांदळानंच वाचवला. ओल बी नाही अन् धक्का बी नाही."

"लग्नात डबा घेऊन जाऊ काय वं? लोक म्हणतीन, गवई शिधा घेऊन आला."

"म्हणू द्या. माईक वाचते का नाही?"

बसमध्ये देवराव डबा मांडीवर घेऊन बसले. रस्ता हाडं खिळखिळी करणारा. प्रत्येक खड्ड्याला ते डब्याला लेकरासारखं थोपटत, अन् मनात बायकोच्या हुशारीला दाद देत. तिथंच चुकलं.

मांडवात त्यांनी माईक काढला, पुसला आणि नवरीच्या स्वागताचं गाणं उचललं. पहिलाच श्वास घेतला आणि नाकापासून टाळूपर्यंत आग गेली. किडे होऊ नयेत म्हणून तुळसाबाईनं तांदळात भिवापुरी मिरच्या टाकल्या होत्या. खड्ड्यांनी त्या कुटल्या गेल्या आणि पूड जाऊन बसली माईकच्या जाळीत.

"काय झालं काका?" तबल्यावरचा धम्मदीप कुजबुजला.

"मिरची! थांबू काय?"

"थांबू नका! डीजेवाला वायर जोडून राहिला."

देवराव गात राहिले. डोळ्यांना धारा, आवाज फाटलेला, मधेच हुंदक्यासारखी गिळलेली शिंक. समोर नवरीची आत्या रडू लागली, मग आई, मग नवरी. नवरदेवानंही रुमाल काढला. भरल्या मांडवावर सुतक उतरलं. संपलं सगळं, देवरावांनी ओळखलं.

तोंड लपवून ते मागच्या बाजूनं निघाले, तर एक म्हातारे पाहुणे आडवे आले. डोळे पुसत त्यांनी हात धरला.

"असं गाणं जन्मात ऐकलं नाही जी. रविवारी आमच्या घरी याच."

देवरावांच्या जिवात जीव आला. "लग्न आहे काय?"

"नाही. मोठा भाऊ गेला, त्याचं पुण्यानुमोदन."

त्यांच्या मागं आणखी एक जण ताटकळत उभा होता.

"आमचा बुढा आहे अजून," तो संकोचून म्हणाला. "पण तुमचा नंबर देऊन ठेवा."